अठरा पावलांवरची शेड

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका कुंभारीण माशीने लाकडातलं एक भोक चिखलाने लिंपून टाकलं.

इलाम एशची डावीकडची खालची दाढ शनिवारी संध्याकाळपासून ठणकत होती.

बेचाळीस बरण्या. एकीलाही तडा नाही.

दोन माणसांच्या घराला वर्षभरात सेलरीच्या वीस जुड्या म्हणजे डोक्यावरून पाणी.

स्वयंपाकघराच्या दारापासून सामानाच्या शेडच्या कडीपर्यंत अठरा पावलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी दुपारी तीन वाजता योस्ट पीटरशाइमने अठरावं पाऊल टाकलं, कडीसाठी हात पुढे केला, आणि हात हवेत गेला.

तुळया

इलाम एश शेड बांधायला घेतो तेव्हा आधी जमिनीवर तीन तुळया मांडतो. जाड, औषध पाजलेल्या, बारा फुटी. त्यांची टोकं खालून तिरकी कापलेली असतात, होडीच्या नाळेसारखी, म्हणजे ओढताना माती उकरत नाहीत. बाहेरच्या दोन तुळयांना टोकाशी साखळीसाठी आरपार भोक. "शेड म्हणजे काही घर नव्हे," तो गिऱ्हाइकाला सांगतो. "तिला उठून जाता आलं पाहिजे. पण कुणी सांगितलं तरच."

योस्टची शेड कुणी न सांगता गेली होती. ऑगस्टमध्ये इलामने ती घरामागे खडीच्या ओट्यावर बसवून दिली होती, चारी कोपरे पाणसळीने तपासून. आता ती साठ फूट पूर्वेला, बाग आणि रस्ता यांच्यामध्ये, गवतात उभी होती. एक कोपरा दगडावर चढलेला.

सोमवारी भल्या सकाळी डीकन बेन्युएल रीलने बग्गीचा घोडा कुंपणाला बांधला. धंद्याने तो घोड्यांचा साज शिवणारा. पण आमिश मंडळीत, म्हणजे मोटारी न वापरणाऱ्या या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती पंथात, कुठे काही बिनसलं की दारात जाऊन विचारायचं काम डीकनचं. त्रेसष्टाव्या वर्षीही ते काम त्याच्या अंगवळणी पडलं नव्हतं.

"ये," योस्ट ओसरीवरून म्हणाला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्याच्या डोळ्यांना आता फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. "बघ नीट, आणि मला सांग मी काय बघतोय ते."

"चोरीला काही गेलंय का?"

"गेलंय ना! माझ्या अंगणातून रविवार गेलाय!" त्याने काठी आपटली. "उपासना तुझ्याच घरी होती. आम्ही दोघं सातला निघालो, तीनला आलो. तेवढ्यात कुणीतरी हे काम उरकलं. प्रभूच्या दिवशी! तेरा दिवसांनी सभा आहे. तिथे मला विचाराल, योस्ट, मनात शांती आहे का? मी नाही म्हणणार. प्रभुभोजन अडलं तर अडू दे."

सगळ्यांच्या मनात शांती आहे असं सभेत कळल्याशिवाय मंडळीचं प्रभुभोजन होत नसे. म्हातारा बोलल्याप्रमाणे करणार, यात त्याला शंका नव्हती. आणि ज्याने हे केलं त्याचं काय होणार, तेही त्याला ठाऊक होतं: मंडळीसमोर गुडघे टेकायचे, सहा आठवडे बाहेर राहायचं, प्रभुभोजन नाही, आणि घरात जेवायचं तेही वेगळ्या टेबलावर, एकट्याने.

"आणि हे आणखी," योस्ट म्हणाला. "आज सकाळी डावीकडची तिसरी बरणी आणली. पीच. उघडून चमचा तोंडात घातला तर बीट! माझ्या हातांना कुणीतरी फसवलंय."

शेडचं दार अडलं. बेन्युएलला खांदा लावावा लागला. आत फळीवर बेचाळीस बरण्या झकास मांडल्या होत्या: आधी सगळ्या लाल, मग केशरी, मग पिवळ्या, शेवटी हिरव्या.

"तू लावल्यास?" त्याने मागे उभ्या असलेल्या सुविलाला विचारलं. योस्टची ही धाकटी मुलगी एक्केचाळीस वर्षांची होती आणि वीस वर्षं गावच्या शाळेत शिकवत होती. बिनलग्नाची.

"मी वर्षांप्रमाणे लावते. जुनी आधी संपावी म्हणून." तिने बरण्यांकडे पाहिलं. "दिसतंय मात्र छान."

स्वयंपाकघराच्या दारापासून शेडच्या नव्या जागेपर्यंत कंबरेच्या उंचीवर एक दोरी ताणलेली होती.

"ही?"

"आज पहाटे बांधली." वडिलांना ती डॅट म्हणायची. "काल डॅट दोनदा पडता पडता वाचले. धरायला काहीतरी हवं."

बेन्युएलने शेडला चक्कर मारली. चारी भिंतींवर, मांडीच्या उंचीवर, रंग घासल्याचा एक पट्टा सलग गेला होता, पार्सलला सुतळी बांधावी तसा. त्याने त्यावरून अंगठा फिरवला. चामड्याची खूण गुळगुळीत पडते. ही खरखरीत होती, बारीक चौकड्यांची. विणलेला पट्टा. मग तो वाकून तुळयांची टोकं बघू लागला. एका टोकाचं भोक मोकळं होतं. दुसऱ्यात सुकलेला चिखल गच्च बसला होता, माशीच्या पायांच्या रेघांसकट. मागची दोन्ही भोकं जाळ्यांनी भरलेली.

"बेन्युएल," सुविला त्याच्या पाठीमागे इतक्या हळू बोलली की ओसरीवर ऐकू जाऊ नये. "हे शोधायलाच हवं का?"

भिंती

त्या रविवारी उपासनेला फक्त दोघं गैरहजर होते. एक ओमर ग्लिक, योस्टच्या उत्तरेचा शेजारी. दुसरा खुद्द इलाम एश.

ओमर गोठ्यात होता. बेन्युएलला पाहून त्याने हातातलं दाताळं भिंतीला टेकवलं. "आलास? मी म्हटलंच गायीला. म्हटलं, बाई, सोमवारपर्यंत कळ काढ, डीकन विचारायला येईल. ऐकेल तर शपथ! रविवारी सकाळी आठलाच व्याली. ते बघ वासरू. त्याची साक्ष घे हवी तर."

"ऑगस्टमध्ये शेड तूच ओढून आणलीस ना?"

"माझ्या खेचरांनी. इलामने दोन्ही भोकांत साखळी ओवली, मी नुसतं चुचकारलं, शेड आली मागोमाग मेंढरासारखी. असली शेड माझ्या बायकोने पाहिली तर मला त्यातच राहायला पाठवेल."

"योस्ट होता तेव्हा?"

"होता म्हणजे? प्रत्येक भोकात बोट घालून बघितलं त्याने. सुविलाने साखळी धरली होती." ओमरने मान कलती केली. "काय रे, तुला सेलरी कशी आवडते? दुधात शिजवलेली की कच्ची?"

"का?"

"सहज. जाताना रस्त्याने नको जाऊस. शेतातल्या वाटेने जा. हवा बरी आहे."

"ओमर, तुला काही माहीत असेल तर—"

"मला? त्या वाटेवरून मला फक्त आभाळ दिसतं. बायको माझी साक्षीदार आहे." आणि तो परत शेणाकडे वळला.

बेन्युएल शेतातल्या वाटेने गेला. कापलेल्या मक्यातून ती योस्टच्या बागेच्या मागच्या बाजूला निघते. उपासनेहून उत्तरेकडची निम्मी मंडळी याच वाटेने घरी जाते. रस्त्यावर मोटारी फार, आणि मोटारीतले लोक खिडकीतून फोटो काढतात.

सकाळी रस्त्याने येताना त्याला शेडच्या भिंतीखेरीज काही दिसलं नव्हतं. आता सगळी बाग समोर होती. टोमॅटो संपत आलेले. कोबी. आणि त्यापलीकडे दोन्ही बाजूंनी फळ्या लावून पांढरी केलेली, गुडघ्याच्या वर आलेली सेलरी. एक ओळ. दुसरी. तिसरी. तो मोजायला लागला आणि तीनशेवर थांबला.

दोन माणसांच्या घरात तीनशे.

आमिश घरात सेलरी अशी शेकड्याने लागते ती एकाच कारणाने. नोव्हेंबरात लग्नं असतात, पंगतीला तीन-चारशे माणसं, आणि पंगत सेलरीवाचून होत नाही. पण प्रभुभोजन होऊन मंडळीत नावं वाचली जाईपर्यंत कोण कोणाशी, हे तोंडातून काढायचं नसतं. म्हणून शरदात माणसं बग्गीतून जाता जाता लोकांच्या बागा मोजतात. ज्या घरात वीस वर्षांची मुलगी असते तिथे मोजून नुसतं हसतात. सुविलाची सेलरी मोजली असती तर आठवडाभर दुसरा विषय निघाला नसता.

म्हणजे शेड सेलरी झाकायला गेली होती. पण झाकणाऱ्याने रस्त्याची बाजू झाकली आणि मंडळीची उघडी ठेवली.

हे कोडं घोळवतच तो घरी पोचला. त्याच्या साजाच्या दुकानात, तयार लगामांच्या खाली, इलाम एश बसला होता. एकोणपन्नास वर्षांचा विधुर, जबड्याला फडकं गुंडाळलेलं.

"शेड मी हलवली," तो म्हणाला.

छप्पर

"कशी?"

"अक्रोडाच्या झाडाला कप्पी बांधली. तुळयांखाली पाइप सरकवले. साखळी भोकांत ओवली आणि ओढली."

"दोन्ही भोकांत?"

"दोन्ही. एकात ओवली तर शेड तिरकी जाते." बोलताना इलाम डोळे मिटत होता. दाढेमुळे असेल.

"बरण्यांचं काय केलंस?"

"बरण्या?" तो थांबला. "काही नाही. तशाच होत्या."

"आणि हलवलीस कशासाठी?"

"तिथे बरी दिसेल वाटलं."

"कोपरा दगडावर बसलाय. दार अडतंय."

इलामचा चेहरा असा झाला की दाढ त्यापुढे काहीच नव्हे. "अडतंय? किती?"

"खांदा लावावा लागतो."

इलामने जबड्यावरचं फडकं घट्ट केलं. मग म्हणाला, "घाई झाली असेल मला."

"सहा आठवडे, इलाम. माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"प्रभुभोजन चुकेल. आणि बाहेर असलेल्या माणसाचं कुठलंच काम मंडळीत निघत नाही. कुठलंच." बेन्युएल प्रत्येक शब्द मोजून बोलला. "जे काही या नोव्हेंबरात व्हायचं असेल, ते पुढच्या नोव्हेंबरावर जाईल. किंवा राहूनच जाईल."

"माहीत आहे म्हटलं ना." इलाम उठला. "तुम्ही फक्त पुढे विचारत फिरू नका. कुणालाच. झालं की आता. माणूस सापडला."

तो गेल्यावर बेन्युएल बराच वेळ हातात सुई धरून नुसता बसला. नवरदेव कोण हे न विचारता कळलं होतं. आपलंच लग्न उधळून लावणारी कबुली माणूस कशाला देतो? त्याला वाटतं की ते सुविलाने केलं, आणि डीकन आणखी दोन घरं फिरला की तिच्यापर्यंत पोचेल, म्हणून.

काय नव्हतं

चिखलाने बंद झालेल्या भोकातून साखळी जात नाही. माशीने ते महिन्याभरापूर्वी लिंपलं आणि चिखल अजून अखंड आहे. शिवाय आपल्या हातचं दार अडतं ठेवून इलाम मेला असता तरी गेला नसता.

सुविला? साठ फूट शेड ओढायला तिने कुणाला जुंपलं असतं, हा प्रश्न नंतरचा. वडील अठरा पावलं मोजून शेडकडे जातात हे तिच्याइतकं कुणाला माहीत नाही. तिने केलं असतं तर दोरी आधी बांधली असती आणि शेड मागून हलली असती. दोरी सोमवारी पहाटे आली.

ओमरने साखळी ओवताना डोळ्यांनी पाहिली होती, तो भिंतीभोवती पट्टा कशाला आवळेल? आणि कुणाच्या नजरेपासून काय झाकायचं, हे त्याला शिकवायची गरज नव्हती.

मग उरतो तो माणूस कसा? तुळयांना भोकं असतात हे त्याला माहीत नाही. त्याला रस्ता माहीत आहे, शेतातली वाट नाही. आंधळ्याची पावलं माहीत नाहीत. बरण्या उतरवून पुन्हा लावताना त्याने त्यांच्यावरची वर्षं वाचली नाहीत, रंग पाहिले. आणि रविवार त्याच्या लेखी सुट्टीचा दिवस आहे.

बेन्युएलने सुई खाली ठेवली. असा माणूस मंडळीत नव्हता.

खिडकी

जे मंडळीतले नाहीत ते सगळे आमिश बोलण्यात इंग्रज. मग त्यांचे आजोबा कुठूनही आलेले असोत. वॉल्ट ट्रिमर योस्टच्या समोर, रस्त्यापलीकडे राहणारा इंग्रज. तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेला. तो ओसरीत होडीला रंग देत होता. होडीवर केशरी रंगाचा विणलेला पट्टा पडला होता.

"वॉल्ट, या पट्ट्याची जोडी आहे?"

"आहे ना, दोन आहेत. कुठला देऊ?" वॉल्टने ब्रश पुसला आणि त्याचा चेहरा उजळला. "थांब! शेड पाहिलीस? बरण्या पाहिल्यास? इंद्रधनुष्य केलंय मी! एकेक बरणी हाताने बाहेर, मग पट्टे आवळून गाडीने शेड ओढली, आणि बरण्या हाताने आत. बसमध्ये पोरं नेली तशी. एक फुटली नाही."

"सुविलाने सांगितलं होतं तुला?"

"दोनेक आठवड्यांपूर्वी. म्हणाली, वॉल्ट, वेळ होईल तेव्हा जरा सरकवशील का, रस्त्यावरून बाग दिसू नये. मी म्हटलं, का गं? म्हणाली, भाज्या लाजतात." तो खदखदून हसला. "आधी डॅटना सांगते म्हणाली, मग तुला दिवस कळवते. मी म्हटलं, कशाला कळवतेस, आल्यावर गंमतच दाखवू."

"पण रविवारी का, वॉल्ट?"

"अरे, तेव्हाच तर घरी कुणी नसतं! योस्ट असता तर इंचाइंचाला अडवलं असतं मला." मग त्याला डीकनचा चेहरा दिसला. "काय झालं? चुकलं का काही?"

"थोडं."

"परत सरकवू? येत्या रविवारी मी मोकळा आहे."

"नको!" बेन्युएल इतक्या मोठ्याने ओरडला की वॉल्टचा ब्रश पडला.

दार

नाव मिळालं होतं, पण सगळं सुटलं नव्हतं. कुणी केलं हे सभेत सांगता आलं असतं. योस्ट मात्र विचारणार: का? आणि त्याला उत्तर मिळेपर्यंत तो शांती आहे म्हणणार नाही. ते उत्तर द्यायचा हक्क बेन्युएलचा नव्हता.

शाळा सुटल्यावर तो पीटरशाइमांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसला. चुलीवर सफरचंदं आटत होती. योस्ट टेबलाशी होता.

"इलाम एशने कबुली दिली," बेन्युएल म्हणाला. "शेड त्याने हलवली म्हणतो."

सुविलाच्या हातातला डाव भांड्यावर आदळला. "खोटं आहे! तो दिवसभर दाढेखाली लवंग धरून पडला होता, त्याला उशीवरून मान उचलवत—"

ती थांबली. 

"त्याची दाढ," योस्ट सावकाश म्हणाला, "तुला गं काय माहीत?"

सुविला चुलीकडे वळली.

"बेन्युएल, तू सांग."

"मी नाही सांगणार. ज्याचं त्याने सांगावं."

सुविलाने भांडं चुलीवरून उतरवलं, हात पुसले, वडिलांसमोर बसली. तिने सगळं सांगितलं: इलाम, वॉल्ट, सेलरी. "तुम्हाला आधी तिथपर्यंत हाताला धरून नेणार होते, डॅट, दोरी बांधून, मग शेड. तो एवढ्यातच हलवेल हे मला माहीत नव्हतं. नंतर तोंड उघडवेना. तोंड उघडलं की सेलरीही आली, आणि सेलरी आली की—"

"की म्हातारा म्हणेल, माझं कोण बघणार."

"हो."

योस्टने टेबलाच्या कडेवरून बोटं फिरवली. "कोण बघणार?"

"मीच. तो इथे येणार आहे. गोठ्यामागच्या खोलीत त्याची हत्यारं मावतात. मोजलंय त्याने."

"माझ्या गोठ्याचं माप घेऊन झालं? मला न विचारता?"

"ऑगस्टमध्ये. शेड बसवायला आला तेव्हा."

म्हाताऱ्याचे खांदे हलले. बेन्युएलला आधी वाटलं तो रडतोय.

"चोर आहे," योस्ट हसत म्हणाला. "किती लावलीस?"

"तीनशे चाळीस."

"कमी पडेल. पीटरशाइम खातात फार." तो उठून काठी चाचपू लागला. "शेड राहू दे तिथेच. मी नवी पावलं मोजेन. बरण्या मात्र आजच नीट लाव. मला पुन्हा बीट नको."

इलामला बेन्युएलने दुकानात बोलावून घेतलं. खोटी कबुली हीसुद्धा चूकच, हे त्याने त्याला स्पष्ट सुनावलं. इलामने मान खाली घालून माफी मागितली. ती तिथेच, लगामांखाली मिटली. शनिवारी इलामने ओमरच्या खेचरांनी शेड हातभर पुढे घेतली, दगड काढला, चारी कोपरे सपाटीत आणले. दार एका बोटाने उघडू लागलं. त्याआधी साखळी ओवायला वाकला तेव्हा त्याने चिखलाचं भोक पाहिलं होतं, बेन्युएलकडे पाहिलं होतं, आणि तो कानापर्यंत लाल झाला होता.

सभेत बेन्युएल उभा राहून एवढंच बोलला: "शेड वॉल्ट ट्रिमरने हलवली, स्वतः ठरवलेल्या दिवशी. आपल्यापैकी कुणाचा हात लागला नाही, कुणाला तो दिवस आधी माहीतही नव्हता."

"पण कशासाठी?" मागून कुणीतरी विचारलं.

"इंग्रज आहे तो," ओमर ग्लिक म्हणाला, आणि सगळ्यांनी समजून माना डोलावल्या.

बिशपनी एकेकाला विचारलं. मग योस्टची पाळी आली. समोरच्या बाकावर इलाम आपल्या पंजांकडे बघत बसला होता.

"शांती आहे," योस्ट म्हणाला.

बाहेर घोडे जोडले जात होते तेव्हा डीकन आपल्या दुसऱ्या कामाला लागला. लग्न जुळवताना दोन्ही घरांत मध्यस्थ तोच. शेडच्या तपासात त्याला इतका आवाज खाली आणावा लागला नव्हता. "वार ठरवा. मंगळवार की गुरुवार?" लग्नं या दोनच वारी होतात.

"मला कुठलाही चालेल," इलाम म्हणाला.

"मंगळवारच घ्या," योस्ट बग्गीतून म्हणाला. "उरलेलं आठवडाभर पुरतं."

"गुरुवार," सुविला म्हणाली.

"अगं, पण मंगळवारी—"

"गुरुवार, डॅट."

इलामने तिच्याकडे पाहिलं. मग तो घोड्याच्या मानेवरून हात फिरवत राहिला, बराच वेळ, तो घोडा त्याचा नसूनही.

सात वर्षांपूर्वी मार्चमध्ये इलामची पहिली बायको एरी वारली, तो मंगळवार होता.